ना दोरी, ना रिमोट

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक उरलेलं नसतं. घाटकोपरला विमान इतकं खालून जातं, की गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर त्याची सावली पडून निघून जाते. अंधेरीला मालिकेतलं नेमकं महत्त्वाचं वाक्य त्याच्या आवाजात बुडतं आणि मग घरातले सगळे एकमेकांना विचारतात, ‘काय म्हणाली ती?’ मान वर करून विमानाकडे मात्र कोणी बघत नाही. अशा या गावात काही माणसं टेबलाशी बसून ब्लेड, टाचण्या आणि डिंकासारख्या चिकट पदार्थांच्या साहाय्याने हातभर लांबीची विमानं तयार करतात आणि सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी ती सोडण्यासाठी मोकळी जागा शोधत हिंडतात, ही गोष्ट वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. मलाही नव्हती.

या छंदाला इंग्रजीत ‘फ्री फ्लाइट स्केल’ म्हणतात. ‘स्केल’ म्हणजे खऱ्याखुऱ्या विमानाची प्रमाणात केलेली प्रतिकृती. ‘फ्री फ्लाइट’ म्हणजे मुक्त उड्डाण. हातात रिमोट नाही, तार नाही, दोरी नाही. पोटात पीळ दिलेलं रबर असतं, पुढे पंखा असतो. विमान हातातून सुटलं की आपला आणि त्याचा संबंध संपला. वळायचं कधी, चढायचं किती, उतरायचं कुठे, हे सगळं ते घरी बनवतानाच त्याच्या अंगात घालून ठेवावं लागतं. नंतर दुरुस्ती नाही.

माझी या प्रकाराशी गाठ पडली ती लेखनाच्या निमित्ताने. एका कादंबरीतल्या निवृत्त पात्राला मला काहीतरी हातकाम द्यायचं होतं. बागकाम आणि सुतारकाम कादंबऱ्यांतून वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. तेव्हा मुलुंडला आमच्या मागच्या इमारतीत राहणाऱ्या एका गृहस्थांकडे कोणीतरी मला धाडलं. लालबहादूर शास्त्री मार्गावर, जुन्या लोकांच्या भाषेत आग्रा रोडवर, ज्या इंजिनीअरिंगच्या कंपन्या होत्या, त्यांतल्या एका कंपनीत ते टूल-रूमचे फोरमन होते. ती कंपनी गेली, तिथे आता टॉवर उभे आहेत. मी त्यांना ‘फोरमनसाहेब’ म्हणतो, ते मला ‘मॅनेजरसाहेब’ म्हणतात. दोघांच्याही खुर्च्या केव्हाच गेल्या, पण हाका राहिल्या आहेत.

त्यांच्या टेबलावर ‘पुष्पक’ होतं. रामायणातलं नव्हे. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं, १९५८ साली प्रथम उडालेलं, देशातल्या फ्लाइंग क्लबांतून कित्येक वैमानिकांनी ज्याच्यावर हात बसवला ते दोन आसनांचं छोटं विमान. त्याच्या आराखड्यामागे डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव आहे. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगनला जाऊन लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकला, ज्यांना आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच मानतात. स्वदेशी शिकाऊ विमान एचटी-२ हेही घाटगे यांचंच. ते १९५१ साली उडालं. मराठी घरांतून क्रिकेटपटूंची आणि गायकांची नावं तोंडपाठ असतात. घाटगे हे नाव मी स्वतः साठी उलटल्यावर, एका फोरमनच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं.

खऱ्या पुष्पकच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत छत्तीस फूट. फोरमनसाहेबांचं पुष्पक बरोबर दोन फुटांचं, म्हणजे प्रमाण एकास अठरा. लांबी अठरापट कमी झाली, की पंखांचं क्षेत्रफळ अठरा गुणिले अठरा, म्हणजे ३२४ पट कमी होतं आणि वजन ५८३२ पट कमी व्हायला हवं. माणसं बसून उडताना खऱ्या पुष्पकचं वजन सहाशे किलोच्या आसपास. म्हणजे हिशेबाने प्रतिकृती शंभर ग्रॅमची चालेल. “शंभर ग्रॅम? दगड होईल!” फोरमनसाहेब म्हणाले. त्यांचं विमान रबरासकट पासष्ट ग्रॅम भरलं होतं. सराफाच्या दुकानात शोभेल असा एक छोटा काटा त्यांच्या टेबलावर असतो. प्रत्येक काडी, प्रत्येक जोड त्यावर चढतो आणि वहीत नोंदला जातो. उजवीकडे बेरीज. मी आयुष्यभर पैशाचे ताळे जुळवले, पण अर्धा ग्रॅम जास्त भरला म्हणून चाक पुन्हा बनवणारा माणूस पाहून मला आमच्या शाखेतल्या जुन्या हेड कॅशिअरची आठवण झाली. तेही एका रुपयासाठी आम्हाला रात्री आठपर्यंत बसवून ठेवत.

इतकी काटकसर कशासाठी? विमान जितकं हलकं, तितकं ते सावकाश उडू शकतं, आणि सावकाश उडालं तरच ते खऱ्यासारखं दिसतं. जड विमान फेकल्यासारखं सुसाट जातं आणि तसंच आदळतं. दुसरी अडचण अशी, की हवा मात्र अठरापट लहान होत नाही. हातभर पंखाला ती जास्त चिकट, जास्त अंगलट वाटते. त्यामुळे हुबेहूब प्रतिकृती हुबेहूब उडत नाही. शेपटीचा आडवा पंख थोडा मोठा करावा लागतो, पंखांची टोकं किंचित जास्त वर उचलावी लागतात, नाकात चिकणमातीची गोळी घालून तोल पुढे आणावा लागतो. बघणाऱ्याला कळू नये इतपतच हे सगळं करायचं. डोळ्याला खरं वाटावं म्हणून मापात थोडं खोटं, हा प्रकार कादंबरीकाराला ओळखीचा आहे.

सांगाडा बालसा लाकडाचा. हे लाकूड दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वेडोरमधलं. झाड काही वर्षांत धिप्पाड होतं आणि लाकूड बुचासारखं हलकं असतं. ‘बालसा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल आणि त्याचे साथीदार ज्या ‘कॉन-टिकी’वरून पेरूच्या किनाऱ्यापासून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवस समुद्रावर होते, तो तराफा याच ओंडक्यांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या वेगवान ब्रिटिश विमानाच्या अंगातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बालसा होता. आपल्याकडे ते आयात होतं, म्हणून महाग. पूर्वी हातात पैसे नसलेली पोरं पतंगाच्या कामट्या वापरत. फोरमनसाहेबांनी त्यांच्या लहानपणी भेंड वापरलं होतं, ज्याची नवरदेवाची बाशिंगं करतात तेच पांढरं हलकं भेंड. सांगाड्यावर पातळ टिश्यू कागद चढवायचा, त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. वाळताना कागद आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. मग त्यावर ‘डोप’ नावाच्या पातळ लाखेचा हात. त्याला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. “आमच्याकडे पाहुणे आले की विचारतात, सून आली वाटतं?” वहिनी म्हणाल्या. डोपचं काम आता पावसाळा सोडून आणि गॅलरीतच, असा करार झालेला आहे.

आणि रबर. भाजीच्या पुडीचं रबर इथे चालत नाही. खास नैसर्गिक रबराची लांब पट्टी घेऊन तिचे वेढे करायचे, त्यांना एरंडेल चोळायचं, मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणायचं आणि हळूहळू पुढे येत दाती लावलेल्या यंत्राने पीळ भरायचा. आठशे, नऊशे, हजार फेरे. एक फेरा जास्त झाला आणि रबर तुटलं, तर महिन्याभराच्या कामाच्या आतून चिंध्या होतात. म्हणून आता बरेच जण पोटात आधी एक नळी सरकवतात, मग पीळ भरतात. एरंडेलावरून आठवलं. ‘कॅस्ट्रॉल’ हे तेलाचं नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलं आणि ते तेल काढणाऱ्या लॉर्ड वेकफील्ड यांनीच १९२८ साली रबरावर उडणाऱ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी करंडक दिला. छोट्या विमानांच्या जगात ‘वेकफील्ड’ हे नाव अजून मानाने घेतलं जातं.

हा सगळा पोरखेळ आहे असं कोणाला वाटलं, तर इतिहास जरा वेगळं सांगतो. १८७१ साली पॅरिसच्या त्युलेरी बागेत आल्फोंस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक छोटं विमान सोडलं. ते अकरा सेकंद उडालं. स्वतःचा तोल स्वतः सांभाळत उडालेल्या विमानांत त्याचा मान पहिला. पेनोला माणूस बसेल असं विमान बनवायचं होतं. त्याला मदत मिळाली नाही आणि वयाच्या तिसाव्या वर्षी, १८८० साली, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पण त्याच्या आधी दोन वर्षं, १८७८ साली, अमेरिकेत एका धर्मोपदेशक बापाने प्रवासाहून येताना आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणं आणलं होतं. बांबू, बूच, कागद आणि रबर. ते छतापर्यंत उडायचं. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं ते खेळणं पोरांनी मोडेपर्यंत उडवलं आणि मग स्वतः तसली बनवू लागले. त्या मुलांचं आडनाव राइट. १९०३ साली त्यांचं पहिलं उड्डाण झालं ते बारा सेकंदांचं. खेळण्याच्या अकरा सेकंदांपासून माणसाच्या बारा सेकंदांपर्यंत यायला बत्तीस वर्षं लागली.

मुंबईत विमानाचा विषय निघाला की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढतंच. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ उडवलं, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्यात माणूस नव्हता असंही सांगतात. म्हणजे गोष्ट खरी धरली तर ते एका अर्थी मुक्त उड्डाणच. पण त्या काळचा भक्कम पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी हा विषय जोडला जातो, त्यातल्या विमानांचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली कसून विचार केला आणि ती उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. मी हे फोरमनसाहेबांना सांगितलं. ते काही न बोलता पंखाची एक पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, “मॅनेजरसाहेब, उडालं की नाही यावर वाद घालायची पाळी येऊच नये. बनवावं आणि सोडावं. ते स्वतः सांगतं.”

आपल्या उपनगरांचा खरा, कागदोपत्री सिद्ध झालेला इतिहासही काही कमी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आले आणि जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते ‘पस मॉथ’ नावाच्या एकाच इंजिनाच्या छोट्या विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून पुन्हा केला. पस मॉथ हे जगभरच्या प्रतिकृतीवाल्यांचं लाडकं विमान आहे, कारण पंख वर, बांधा सरळ. आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरं विमान बनवलं. ते २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. गच्चीवर विमान बनवता येतं, पण उडवायला धुळ्याला जावं लागतं. उपनगरातल्या सगळ्याच विमानांची रड ही आहे, मग ते सहा आसनांचं असो की पासष्ट ग्रॅमचं.

कारण मुक्त उड्डाणाला लागते ती मोकळी जागा आणि स्तब्ध हवा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. परीक्षेनंतर त्यांचा उपयोग मला प्रथम इथे दिसला. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. उन्हं तापल्यावर समुद्राकडून खारा वारा सुटतो. या दोघांच्या पाळ्या बदलताना मध्ये थोडा वेळ हवा अगदी स्वस्थ असते. तेवढाच मुहूर्त. जागेचं म्हणाल, तर घाटकोपरचं आचार्य अत्रे मैदान काय किंवा आमच्या मुलुंडची मैदानं काय, रविवारी तिथे एकाच वेळी आठ-दहा क्रिकेटचे डाव चालू असतात आणि एकाचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. तिथे कागदाचं विमान सोडणं म्हणजे त्याला सुळावर देणं. शिवाय शहरात दोन विमानतळ. रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर पोलिसांचे मनाई हुकूमही वेळोवेळी निघतात. रबराचं विमान त्या जातीचं नसलं, तरी आधी विचारून, भोवती कोणाला त्रास होणार नाही असं पाहूनच सोडावं, हा फोरमनसाहेबांचा दंडक आहे.

त्यामुळे ते पूर्वद्रुतगती महामार्गापलीकडच्या एका पडीक मिठागराकडे जातात. गेल्या जानेवारीत एका रविवारी मीही गेलो. बरोबर त्यांच्या इमारतीतला सातवीतला एक मुलगा होता. सपाट, करडी जमीन, मधूनमधून बांध, पलीकडे तिवरं, त्याच्यापलीकडे ठाण्याची खाडी. लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. मुंबईत इतकं आकाश एका वेळी दिसतं, हे मी विसरून गेलो होतो.

आधी नुसतं तरंगवून पाहिलं. गवतावर हलकेच सोडायचं. नाक खुपसलं तर मागची पट्टी किंचित वर, डुलक्या खात गेलं तर नाकात थोडी माती. मग शंभर फेरे. पंखा एका बाजूला फिरतो म्हणून विमान डावीकडे कलतं. त्यावर उपाय म्हणून पंख्याचा आस केसभर उजवीकडे आणि खाली वळवायचा. त्यासाठी काडेपेटीच्या काडीची कपची पुरते. मग दोनशे फेरे, मग चारशे. दर वेळी फोरमनसाहेब वहीत लिहीत होते.

मुलाने मला हळूच विचारलं, “आजोबा, पण उडाल्यावर आपण काय करायचं?”

मी फोरमनसाहेबांकडे पाहिलं. “बघायचं,” ते म्हणाले.

त्याला ते पटलं नाही. त्याचं बरोबरच होतं. तो ज्या दिवसांत वाढतो आहे त्यात सोडून नुसतं बघत राहण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याची शाळेची बस आईला फोनवर ठिपक्यासारखी दिसते. क्लासला पोचल्याचा संदेश येतो. आपण मुलांच्या हाती फोन दिले ते त्यांना बोलता यावं म्हणून थोडे आणि ती कुठे आहेत हे आपल्याला कळावं म्हणून जास्त. मी यात दोष काढत नाही. माझ्या नातवंडांच्या बाबतीत मीही तो ठिपका बघतो आणि ठिपका हलला की निःश्वास टाकतो. पण त्या मिठागरात उभं राहिल्यावर जाणवलं, की काळजी दोन प्रकारची असते. एक, वस्तू हातातून सुटल्यानंतरची. दुसरी, सुटण्याआधीची. फोरमनसाहेबांची सगळी काळजी सुटण्याआधी संपलेली होती, चार महिन्यांच्या रात्रींमध्ये, अर्ध्या अर्ध्या ग्रॅममध्ये.

साडेदहाच्या सुमारास हवा थांबली. नऊशे फेरे भरले. त्यांनी विमान मुलाच्या हातात दिलं. “ढकलू नको. फक्त हात काढून घे.” मुलाने हात काढून घेतला.

पिवळं पुष्पक घरंगळल्यासारखं पुढे गेलं, मग नाक उचललं आणि मोठ्या वर्तुळात चढू लागलं. खरोखर सांगतो, काही क्षण त्याच्या दोन फुटांचा हिशेब डोळ्यांतून पुसला गेला. पंख्याची घरघर थांबली तेव्हा फोरमनसाहेबांच्या घड्याळात पंचेचाळीस सेकंद झाले होते. आता ते उतरायला हवं होतं. उतरलं नाही. वर दोन घारी फिरत होत्या. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या ऊन हवेचा तो खांब होता आणि विमान नेमकं त्यात शिरलं होतं. अशा वेळी विमान खाली यावं म्हणून पूर्वी जळती वात लावत, आता छोटं घड्याळ लावतात. ठरल्या वेळी शेपूट वर उचकटतं आणि विमान अलगद खाली बसतं. त्या दिवशी वजन वाढेल म्हणून फोरमनसाहेबांनी ते लावलं नव्हतं. खारा वारा सुटला. वर्तुळं खाडीकडे सरकू लागली. तीन मिनिटं आम्ही तिघं माना वर करून उभे होतो. मग तिवरांच्या वर एक पिवळा कण दिसला आणि नंतर तोही दिसला नाही.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. फोरमनसाहेबांनी वही काढली, वेळ लिहिली, आणि खाली रेघ मारली. “बेरीज बरोबर आली,” एवढंच म्हणाले. परतताना महामार्ग ओलांडताना मात्र त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला होता.

मिठागरांचं पुढे काय, हा प्रश्न आता फार दूरचा नाही. मुलुंड, भांडुप, कांजूर भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. पर्यावरणवाल्यांचा त्याला विरोध आहे, पुराच्या पाण्याची त्यांना धास्ती आहे. दुसरीकडे, दहा बाय दहाच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसाला घर हवं, हे मी बँकेत गृहकर्जाचे अर्ज तपासताना पुरेसं पाहिलं आहे. त्यापुढे दोन म्हाताऱ्यांच्या विमानाची बाजू मांडायची माझी हिंमत नाही. फक्त एवढं म्हणतो, की शहराच्या नकाशावर शाळेला, बाजाराला, वाहनतळाला जागा राखून ठेवतात. तशी काहीच न करता वर बघण्याला एखादी जागा कोणीतरी राखायला हवी. आपल्या पोरांना पतंगाची काटाकाटी सुद्धा गच्चीच्या कठड्याला धरून करावी लागते.

एनसीसीच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बनवायला अजून शिकवतात. आपल्या घरातलं कोणी त्यात असेल, तर त्याला जरूर विचारा. नसेल, तर पतंगाचा कागद, कामट्या आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. पहिलं विमान उडत नाही, हे आधी सांगून ठेवतो. दुसरं थोडं उडतं.

पुष्पकच्या पंखाखाली फोरमनसाहेबांनी फोन नंबराची चिठ्ठी चिकटवली होती. फोन काही आला नाही. त्यांच्या टेबलावर आता पस मॉथचा आराखडा टाचण्यांनी लावलेला आहे आणि सातवीतला मुलगा रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन पट्ट्या घासतो. त्याने घासलेली पट्टी काट्यावर चढते, वहीत त्याच्या नावाने वेगळा रकाना आहे. दिवाळीपर्यंत सांगाडा होईल, पाऊस गेल्यावर कागद चढेल. जानेवारीत ते कुठे सोडायचं, हे मात्र अजून ठरलेलं नाही.